चावऱ्या कुत्र्याचे घर

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली दिलेल्या आदेशांनी देशभर वादाचे मोहोळ उठविले. ११ ऑगस्टला द्विसदस्य पीठाने दिल्ली व परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत, असे फर्माविले. २२ ऑगस्टला त्रिसदस्य पीठाने तो आदेश सौम्य केला. निर्बीजीकरण, लसीकरण आणि जंतनाशक औषधोपचार झाल्यावर कुत्री जेथून उचलली तेथेच परत सोडावीत, असे सांगितले; मात्र दोन अपवाद ठेवले. रेबीज झालेली अथवा त्याचा संशय असलेली कुत्री हा पहिला, आणि आक्रमक वर्तन करणारी कुत्री हा दुसरा. वर्तमानपत्रांतील सारा गदारोळ ‘सोडावे की कोंडावे’ या प्रश्नाभोवती माजला आणि दुसरा अपवाद जवळजवळ दुर्लक्षित राहिला. वस्तुतः खरी अडचण तेथे आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागलेला कुत्रा थोड्याच दिवसांत मरतो. आक्रमक ठरविलेला कुत्रा मात्र जगतो. चांगला दहा-बारा वर्षे जगू शकतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी दयामरणाची मुभा दिली ती असाध्य आजारी व प्राणांतिक जखमी झालेल्या कुत्र्यांपुरती. तेव्हा स्वभावाने अवघड, पण शरीराने धडधाकट अशा कुत्र्याच्या या दहा-बारा वर्षांचे काय करायचे?

७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने हा प्रश्न अधिकच मोठा केला. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, एसटी स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील कुत्री तेथून हलवावीत व पुन्हा तेथे सोडू नयेत, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे निवाऱ्यांतील संख्या वाढणार, हे उघड होते. ऑगस्टच्या आदेशात एक दार मात्र उघडे ठेवले होते. ज्यांना कुत्रा दत्तक घ्यायचा असेल त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराने घ्यावी, असे ते दार. शांत, लोभस पिल्लांना या दारातून बाहेर पडणे कठीण जात नाही. प्रश्न उरतो तो जो गुरगुरतो, ताटलीजवळ कोणाला येऊ देत नाही, एकटा राहिला की दार कुरतडतो, मूल धावले की मागे लागतो त्याचा. अशा कुत्र्याला घर द्यावे काय, आणि द्यावे तर कोणते, याचा आपल्याकडे गंभीरपणे विचार झालेला दिसत नाही. कोणी दयाळू माणूस भेटला की कुत्रा त्याच्या हवाली करावा, एवढेच आपले धोरण. या धोरणाने कुत्र्याचे, त्या माणसाचे आणि त्याच्या शेजाऱ्यांचे, असे तिघांचेही नुकसान होते.

वाकडे शेपूट

कुत्र्याच्या स्वभावाविषयी मराठी माणसाचे ज्ञान पुष्कळसे म्हणींवर पोसलेले आहे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही एक म्हण. भुंकणारे कुत्रे चावत नाही, ही दुसरी. माणसांच्या स्वभावावर भाष्य करण्यासाठी त्या ठीक असतील. कुत्र्यांच्या बाबतीत दोन्ही दिशाभूल करतात. भुंकणारा कुत्रा चावू शकतो. भुंकणे आणि गुरगुरणे ही बहुधा भयाची भाषा असते, ‘आणखी जवळ येऊ नका’ असे सांगणारी. ती ऐकली नाही तर पुढची पायरी दातांची. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, भय सोडत नाही. तो पुढे सूचना न देता चावू लागतो. घरच्यांना वाटते की कुत्रा सुधारला, आणि प्रत्यक्षात त्याची धोक्याची घंटा तेवढी काढून घेतलेली असते.

वाकड्या शेपटीची गोष्टही तशीच. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिढ्या वाढवून केलेल्या अभ्यासाचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ किती निर्णायक असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. या काळात ज्याला माणसाचा हात, आवाज आणि वावर सुखाचा वाटला तो पुढे माणसांत रमतो. ज्याला या काळात माणूस दिसलाच नाही, किंवा दगड घेऊनच दिसला, त्याला नंतर माणसाची ओळख नव्याने आणि फार सावकाश करून द्यावी लागते. आपल्या रस्त्यांवरच्या पिल्लांचा हा काळ कसा जातो? कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी पश्चिम बंगालमधील ३६४ भटक्या पिल्लांचे निरीक्षण करून २०१६ साली निष्कर्ष मांडले. सात महिन्यांच्या वयापर्यंत त्यांतील केवळ १९ टक्के पिल्ले जगली होती, आणि मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंना माणूस प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कारण होता. त्या संहारातून वाचलेले पिल्लू माणसाला पाहून दात विचकत असेल, तर त्याला दुष्ट म्हणण्यापेक्षा अनुभवी म्हणणे अधिक योग्य होईल.

याचा अर्थ, प्रत्येक कुत्रा प्रेमाने सुधारतो असा नव्हे. काहींचे भय इतके खोल रुजलेले असते की ते कमी होते, नाहीसे होत नाही. पण कमी होण्यासाठीसुद्धा परिस्थिती अनुकूल लागते. तीच परिस्थिती म्हणजे घर. आणि म्हणून ते कोणते असावे, याला एवढे महत्त्व.

पिंजऱ्यातली परीक्षा

महाभारताच्या आदिपर्वात सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीची कथा आहे. तिचे पिल्लू जनमेजयाच्या यज्ञमंडपात गेले आणि राजाच्या भावांनी त्याला बडविले. पिल्लाने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. माझ्या पोराचा अपराध काय, असे सरमेने विचारले तेव्हा कोणापाशीच उत्तर नव्हते. ‘आक्रमक’ हा शेरा मारण्याचा अधिकार आता ज्यांच्या हाती आला आहे, त्यांनी ही कथा ध्यानात ठेवावी. अपराध कोणता, कोणाविरुद्ध, कोणत्या प्रसंगी, हे सांगता येत नसेल तर तो शेरा निरर्थक आहे.

अडचण अशी की, कुत्र्याची पारख जेथे केली जाते ती जागा पारखीला सर्वांत गैरसोयीची असते. शंभर कुत्र्यांचा अखंड कोलाहल, सिमेंटची थंड जमीन, गजांपलीकडून डोकावणारी अनोळखी तोंडे, विश्रांतीला निवांत कोपरा नाही. अशा ठिकाणी मनुष्यप्राणीही आपला खरा स्वभाव दाखवील असे नाही. निवाऱ्यांत घेतल्या जाणाऱ्या स्वभावचाचण्यांची छाननी गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली यांनी २०१६ साली केली. या चाचण्यांचे आक्रमकतेविषयीचे भाकीत नाणेफेकीपेक्षा फारसे विश्वसनीय नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. लिसा गंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पाच निवाऱ्यांतील २०७ कुत्र्यांना एक-दोन रात्री कोणाच्या तरी घरी मुक्कामाला पाठवून पाहिले. तेवढ्याने कुत्र्यांच्या शरीरातील ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण घटले, आणि निवाऱ्यात परतताच पूर्वीच्या पातळीवर गेले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा बोध सोपा आहे. कुत्रा घरात कसा वागेल, हे पाहायचे असेल तर त्याला घरात नेऊन पाहावे.

आणखी एक गोष्ट पारखीच्या आधी यायला हवी, ती पशुवैद्याची तपासणी. चिडका ठरविलेल्या कुत्र्याचा कान आतून सडलेला असतो, दाढ दुखत असते, किंवा मागच्या पायाचा सांधा धरलेला असतो. डॅनियल मिल्स व सहकाऱ्यांनी २०२० साली मांडलेल्या अंदाजानुसार, वर्तनाच्या तक्रारी घेऊन तज्ज्ञांकडे पाठविलेल्या जनावरांपैकी किमान एक-तृतीयांश जनावरांत कोणती तरी वेदना आढळते. ज्याला मलमाची गरज आहे त्याला काठी दाखविणे हा शुद्ध अन्याय आहे.

शेऱ्यांमध्ये सर्वांत सोपा शेरा जातीचा. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींची कुत्री ‘हिंस्र’ ठरवून त्यांच्या पालनावर बंदी घालण्यास राज्यांना सांगितले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. जातीचा परिणाम मुळीच नसतो असे नाही. पण एखादा कुत्रा कोणत्या घरात सुखाने राहील, हे त्याच्या जातीच्या नावावरून ठरविणे म्हणजे आडनावावरून माणसाचे चारित्र्य ठरविण्यासारखे आहे.

दयाळू घर आणि जुळणारे घर

एकदा पारख झाली की घराचा प्रश्न निराळ्या स्वरूपात समोर येतो. कुत्र्याचा दोष म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळदा कुत्रा आणि घर यांच्यातील विसंगतीचे नाव असते. आपल्या ताटलीची राखण करणारा कुत्रा घ्या. दोन प्रौढ माणसांच्या घरात, स्वतंत्र खोलीत खायला घालून दार लोटून घेतले की त्याचा दोष व्यवहारात उरत नाही. तोच कुत्रा रांगत्या मुलाच्या घरात आला, की एखाद्या दुपारी बिस्किटाच्या तुकड्यावरून अनर्थ ओढवतो. एकटेपणा असह्य होणारा कुत्रा सकाळी आठ ते रात्री आठ नोकरीला जाणाऱ्या दांपत्याच्या सदनिकेत दार फोडील आणि सगळ्या मजल्याची झोपमोड करील. निवृत्त शिक्षकाच्या घरी तो दिवसभर त्यांच्या खुर्चीखाली पडून राहील. दुसरा कुत्रा दिसताच बेभान होणाऱ्याला अरुंद जिन्याच्या आणि एकाच लिफ्टच्या इमारतीत ठेवणे म्हणजे दिवसातून चार वेळा त्याची कसोटी पाहणे. तळमजल्यावरच्या, स्वतंत्र फाटकाच्या घरात ही कसोटी महिन्यातून एखाद्या वेळी येईल. अनोळखी माणसाला भिणाऱ्या कुत्र्याला सतत पाहुण्यांचा राबता असलेले एकत्र कुटुंब कितीही प्रेमळ असले तरी मानवत नाही. गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके तर अशा जिवाला दरवर्षीचे संकट. मिरवणुकीच्या रस्त्यावरचे घर त्याच्यासाठी नव्हे.

दयेचा येथे संबंध नाही, असे म्हणणे नाही. दया हवीच, पण ती सर्वच अर्जदारांकडे असते, म्हणून निवड करण्यास ती अपुरी आहे. निवड करावी लागते ती वेळापत्रक, जागा, घरातील माणसांची वये, शेजार आणि मुख्यतः धीर पाहून. आपल्याकडे प्रचलित असलेला एक उपाय तर दयेच्या नावाखाली चाललेली फसवणूक आहे. कुत्रा आवरत नाही, तर ‘शेतावर सोडा’, ‘फार्महाऊसवर पाठवा’. तेथे त्याला चोवीस तास साखळीला बांधून राखणदार करतात. भित्रा कुत्रा साखळीला बांधला की त्याचा पळण्याचा मार्ग खुंटतो. मग चावणे एवढाच मार्ग त्याला उरतो. मोकळी हवा म्हणजे घर नव्हे.

अवघड कुत्र्यांची एकेकटी पारख करून प्रत्येकाला वेगळी जागा नेमून देण्याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. मायकेल व्हिक या विख्यात फुटबॉलपटूच्या व्हर्जिनियातील मालमत्तेवर एप्रिल २००७ मध्ये छापा पडला आणि झुंजींसाठी पाळलेली सुमारे पन्नास कुत्री सापडली. अशी कुत्री सरसकट मारून टाकण्याचा तेथे रिवाज होता, आणि काही मोठ्या प्राणिसंरक्षक संस्थांचेही मत तसेच होते. न्यायालयाने निराळा मार्ग धरला. तज्ज्ञांकडून प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करविली, कायद्याच्या एका प्राध्यापिकेला त्यांचे भवितव्य ठरविण्यास साहाय्यक म्हणून नेमले, आणि व्हिकला त्यांच्या पालनपोषणासाठी सुमारे नऊ लाख डॉलर भरावयास लावले. स्वभावाच्या कारणावरून मारावे लागले ते केवळ एका जनावराला. बावीस कुत्री युटा राज्यातील एका मोठ्या आश्रमात गेली, बाकीची निरनिराळ्या संस्थांकडे. कित्येकांना पुढे कुटुंबे मिळाली. काही तर रुग्णांना भेटायला रुग्णालयांत जाऊ लागली. मात्र बावीसपैकी दोघांनी आश्रमातून कधीच बाहेर जाऊ नये, असाही न्यायालयाचा आदेश होता. या प्रकरणातील शहाणपण या तारतम्यात आहे. सर्वांना मारा, असे न्यायालयाने म्हटले नाही. सर्वांना सोडा, असेही नाही. कोणाला घर, कोणाला कसोटीनंतर घर, आणि कोणाला जन्मभर आश्रम, हे एकेकाकडे पाहून ठरले.

खरे सांगण्याची गरज

हे तारतम्य आपल्याकडे आणायचे तर पहिली गरज खरेपणाची आहे. निवाऱ्यात जागा नसते, खर्च परवडत नाही, म्हणून कुत्रा लवकर जावा, असे चालकांना वाटणे स्वाभाविक आहे. मग जाहिरातीत ‘थोडा लाजाळू’ असे लिहिले जाते आणि घेणाऱ्याला तिसऱ्या दिवशी कळते की तो दोघांना चावलेला आहे. विशेषणांऐवजी प्रसंग लिहावेत. अमुक दिवशी जेवताना हात लावला, चावला, रक्त आले. अमुक माणसाशी आठ दिवसांत रुळला. सायकल दिसली की ओढ घेतो. असे एक पान प्रत्येक कुत्र्यामागे असावे आणि ते घेणाऱ्याच्या हाती लेखी द्यावे. घेणाऱ्याच्या दृष्टीनेही हे आवश्यक आहे. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे आपल्या ताब्यातील जनावराविषयी हयगय करून दुसऱ्यास धोका निर्माण करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कुत्र्याचा पूर्वेतिहास लपवून ही जबाबदारी कोणाच्या गळ्यात बांधणे अप्रामाणिकपणाचे आहे. खरे सांगितले तर कोणी घेणारच नाही, असा आक्षेप घेतला जातो. घेणारे कमी होतील, हे खरे. पण जे घेतील ते तयारीने घेतील, गरज पडेल तेव्हा तोंडाला मुस्के घालतील, पाहुण्यांना आधी सूचना देतील.

दुसरी गरज परतीच्या वाटेची. सर्वोच्च न्यायालयाने दत्तक कुत्रा रस्त्यावर येऊ नये, असे म्हटले ते योग्यच. पण जुळले नाही तर तो कोठे जाणार? परत आणणाऱ्याला निवाऱ्यात अपमानाची वागणूक मिळाली, तर तो रात्री गाडीत घालून कुत्रा दूरच्या रस्त्यावर सोडील. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावर टाकून देणे हा गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाने कोणी परावृत्त होत नाही. निवाऱ्याचे दार परत येणाऱ्यासाठी उघडे ठेवणे, हाच अधिक परिणामकारक बंदोबस्त. त्यासाठी कायमचे दत्तकपत्र होण्यापूर्वी काही आठवड्यांचे तात्पुरते पालकत्व असावे. पहिले काही दिवस कुत्रा बुजलेला असतो, काही आठवड्यांनी घराचा क्रम ओळखतो, आणि खरा स्वभाव कळायला दोन-तीन महिने लागतात. या काळात प्रशिक्षित माणसाचा सल्ला फोनवर तरी मिळाला पाहिजे.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. मालकाने कुत्रा पाळण्यास गृहनिर्माण संस्थेला बहुमतानेही बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले. पण हक्क असणे निराळे आणि शेजाऱ्यांना अंधारात ठेवणे निराळे. कुत्रा कोणत्या गोष्टीला भितो, हे लिफ्टमध्ये भेटणाऱ्या मुलांना माहीत असले, तर निम्मे प्रसंग टळतात.

या सर्वांनंतरही काही कुत्री उरतील. इटलीने १९९१ साली कायदा करून भटक्या निरोगी कुत्र्यांना मारणे थांबविले. हेतू उदात्त होता. पण पुढे हजारो कुत्र्यांची आयुष्ये सरकारी खर्चाच्या कोठड्यांत संपली. आपण त्याच वळणावर आहोत. ज्यांना घर जुळणार नाही, त्यांच्यासाठी आश्रम लागतील, आणि त्यांत दोन वेळच्या अन्नाखेरीज फिरायला मैदान, ओळखीचा माणूस आणि एकांताचा कोपरा असावा लागेल. सर्वांना घर मिळेल, अशी खोटी आशा दाखविण्यापेक्षा हा खर्च अंदाजपत्रकात प्रांजळपणे दाखविणे बरे.

ज्या देशात माणसांच्या मुलांना छप्पर नाही तेथे चावऱ्या कुत्र्यांच्या घरांची उठाठेव कशाला, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर त्या मुलांशीच निगडित आहे. जगात रेबीजने मरणाऱ्यांत सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. भारतातील मृत्यूंचे अंदाज वर्षाला काही हजारांपासून वीस हजारांपर्यंत दिले जातात. रस्त्यावर खेळणारी, चालत शाळेत जाणारी मुले त्यात सर्वप्रथम बळी पडतात. चुकीच्या घरातून फेकला गेलेला, आणखी बिथरलेला कुत्रा याच मुलांच्या वाटेवर येतो. त्याचे योग्य ठिकाण शोधणे हे सार्वजनिक आरोग्याचेच काम आहे.

नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा महाराष्ट्राने शतकानुशतके जपली. त्या कथेतला नामदेव समोरच्या जिवाला काय कमी आहे, हे पाहतो. तेवढी दृष्टी आपल्या महापालिकांनी आणि संस्थांनी ठेवावी. वर्षअखेरीस किती कुत्री दत्तक गेली, याचे आकडे छापले जातात. त्यांतील किती एक वर्षानंतर त्याच घरात आहेत, हा आकडा छापला जात नाही. नागरिकांनी तो मागितला पाहिजे. तो मागितला जाऊ लागला, की कुत्रा कोणाच्याही गळ्यात मारून मोकळे होण्याची सोय राहणार नाही, आणि घर जुळविण्याच्या कामाला पैसा, माणूस व वेळ द्यावाच लागेल.